आईच्या ब्रेस्टच्या ऑपरेशनआधी एमआरआय करावा का? एक डॉक्टर हो म्हणतायत, दुसरे नको

मुक्ता_सुदामानगर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबेल, सांभाळून घ्या. आई ५८ वर्षांची. डाव्या ब्रेस्टमधली गाठ तिच्या हाताला गणपतीच्या आधीच लागली होती, पण आमच्याकडे महालक्ष्म्या उभ्या असतात त्यामुळे तिनं कुणाला सांगितलं नाही, पुरण, सोळा भाज्या, सवाष्णी सगळं पार पाडलं आणि विसर्जन झाल्यावर ओटा पुसता पुसता मला म्हणाली, अगं जरा इथे हात लावून बघ. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईची बायोप्सी, आणि कॅन्सर निघाला.

आता प्रॉब्लेम असा की इथे इंदूरलाच दोन सर्जनना दाखवलं. पहिले म्हणाले गाठ लहान आहे, सोनोग्राफीत १.८ सेंटीमीटर, ब्रेस्ट वाचवून फक्त गाठ काढू, येत्या बुधवारी या. दुसऱ्यांनी हातानं तपासलं आणि म्हणाले मला ही तीन-साडेतीनची वाटते, मॅमोग्राफीत तर 'डेन्स' (म्हणजे ब्रेस्ट दाट, त्यात गाठ नीट दिसत नाही) लिहून हात वर केलेत, आधी एमआरआय करा मग ठरवू. पहिल्यांना फोन केला तर म्हणे काही गरज नाही, उगाच दोन आठवडे जातील.

घरात सगळे एकदम बोलून राहिलेत. देवासची आत्या म्हणते मुळासकट सगळंच काढून टाका, विषाची परीक्षा कशाला. पुण्याहून दादा म्हणतो डायरेक्ट पेट स्कॅन कर, एकदाच सगळं शरीर दिसेल. बाबा काहीच बोलत नाहीत, फक्त रोज सकाळी रिपोर्टची फाइल उघडून चष्मा पुसतात आणि परत बंद करतात. आई म्हणते तुम्ही ठरवा, मला विचारू नका. बुधवार यायला पाच दिवस आहेत. काय करू?

नाना_तिलकनगर

मुक्ताबाई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. हॉस्पिटलवाल्यांनी एवढं महागडं मशीन आणलंय तर ते चालायला नको का, म्हणून एमआरआय सांगतात. आमच्या घरी चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न होता, माझ्या भावजयीचा. मुलगी इंग्लंडात हॉस्पिटलमध्ये आहे, तिनं तेव्हा एक अभ्यास पाठवला होता, २०१० साली लॅन्सेट नावाच्या मेडिकल जर्नलमध्ये आलेला, कॉमिस नावाचा. १६२३ बायका, अर्ध्यांचा ऑपरेशनआधी एमआरआय केला, अर्ध्यांचा नाही. नंतर दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागलं अशा बायका दोन्हीकडे शंभरात १९. म्हणजे फरक शून्य! आम्ही एमआरआय केला नाही, भावजय ठणठणीत आहे, परवाच छप्पनवर भेळ खाऊन आली. पहिल्या डॉक्टरांचं ऐका, बुधवारी मोकळे व्हा.

वर्षाकाकू

मुक्ता बाळा, आधी आईला माझा नमस्कार सांग. मी यातून गेलेय, सहा वर्षं झाली.

माझं थोडं उलटं झालं. माझा एमआरआय झाला, उजव्या बाजूची गाठ तर दिसलीच पण डाव्या बाजूला पण एक ठिपका चमकला. सात मिलिमीटर. त्या हॉस्पिटलातले सर्जन (नाव घेत नाही, आता काय उपयोग) रिपोर्ट बघून सरळ म्हणाले, दोन्ही काढून टाकू, पुढची कटकट नको. मी हो म्हणून मोकळी झाले होते गं, त्या दिवशी कुणी काही म्हणालं असतं तरी मी हो म्हणाले असते. फॉर्मवर सही करायला पेन हातात घेतलं आणि आमच्या धाकट्या जावेनं विचारलं, त्या ठिपक्याची बायोप्सी कुठाय? नव्हतीच. दुसरीकडे गेलो, तिथल्या रेडिओलॉजिस्टबाईंनी पुन्हा सोनोग्राफी करून तो ठिपका शोधला, सुई घातली, साधी फायब्रोअ‍ॅडिनोमा. कॅन्सरचा संबंधच नाही. आज माझी डावी बाजू जागेवर आहे ती जावेच्या एका प्रश्नामुळे. आमचं एरवी फारसं पटत नाही, पण हे मी सगळ्यांना सांगते.

तेव्हा एमआरआय कर किंवा नको करू, पण त्यात जे नवीन दिसेल त्यावर सुई पडल्याशिवाय कुठलंही मोठं ऑपरेशन ठरवू नका.

लश्करकर

मी मूळ ग्वाल्हेरचा, रेडिओलॉजीत तीस वर्षं काढून आता इंदूरला मुलाकडे असतो. फोरमवर पेशंट बघत नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून नका धरू, डॉक्टरांना काय विचारायचं ते कळावं म्हणून लिहितोय.

मुक्ता, तुम्ही बरंच लिहिलंत पण जे सगळ्यात आधी हवं तेच राहिलं. बायोप्सीच्या रिपोर्टवर 'कॅन्सर'च्या आगेमागे अजून एक शब्द असणार. डक्टल आहे की लोब्युलर? तो बघून सांगा, मग बोलू.

नानांचा आकडा खरा आहे. पण स्वीडनमध्ये २०१४ साली असाच अभ्यास झाला, ५६ वर्षांच्या आतल्या ४४० बायका, त्यात एमआरआय झालेल्यांपैकी शंभरात ५ जणींना ब्रेस्टचं ऑपरेशन पुन्हा करावं लागलं आणि न झालेल्यांपैकी १५ जणींना. आणि हॉलंडमध्ये हाताला न लागणाऱ्या छोट्या गाठींवर केला तर एमआरआयवाल्यांचंच पुन्हा कापावं लागण्याचं प्रमाण जास्त निघालं. तेव्हा 'एमआरआय चांगला की वाईट' या प्रश्नाला उत्तर नाही. कुणाचा, आणि कशासाठी, हे विचारायचं.

मुक्ता_सुदामानगर

काका, आत्ता फाइल काढली. 'इन्व्हेजिव लोब्युलर कार्सिनोमा' लिहिलंय. खाली ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह (या दोन हार्मोनच्या तपासण्या), हर-टू निगेटिव्ह (ही एका प्रोटीनची). खरं सांगते, पंधरा दिवसांत हा शब्द आमच्यापैकी कुणीच वाचला नव्हता, सगळे कार्सिनोमावरच थांबलो. बाबा वाचत असतील कदाचित.

लश्करकर

मग आता तुमच्या दुसऱ्या सर्जनचं म्हणणं काय आहे ते सांगतो.

बहुतेक ब्रेस्ट कॅन्सर डक्टल असतात. त्याच्या पेशी एकमेकींना धरून राहतात, गोळा होतो, राजवाड्यासमोर मोर्चा अडवल्यावर गर्दी दिसते तसा तो मॅमोग्राफीत, सोनोग्राफीत दिसतो. लोब्युलर दहा ते पंधरा टक्के. त्यात पेशींना चिकटवून ठेवणारं एक प्रोटीन, ई-कॅडहेरिन, हरवलेलं असतं, त्यामुळे त्या गोळा होत नाहीत, एकामागे एक रांगेनं निरोगी भागातून सरकत जातात. सराफ्यात रात्री खायला माणसं गल्लीबोळातून एकेक करून शिरतात ना, तसं. मध्ये जिथे दाटी झाली तेवढीच गाठ सोनोग्राफीला दिसते, कडेची रांग दिसत नाही. म्हणून सोनोग्राफी १.८ म्हणते आणि अनुभवी हाताला साडेतीन लागते, यात दोघंही खोटं बोलत नाहीयेत.

एमआरआय गाठीचं नुसतं रूप बघत नाही, रक्तपुरवठा बघतो. शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात, कॅन्सरला स्वतःच्या नव्या गळक्या रक्तवाहिन्या असतात, तिथे ते औषध भरभर शिरतं आणि भरभर निघतं, आणि तो भाग चमकतो. म्हणून पसारा किती आहे ते कळायला बरं पडतं. इंग्लंडची नाईस नावाची सरकारी संस्था सरसकट सगळ्यांना एमआरआय करा म्हणत नाही, पण तीन ठिकाणी म्हणते: हात, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी यांचं माप जुळत नसेल तर, ब्रेस्ट इतका डेन्स असेल की मॅमोग्राफीवर भरवसा ठेवता येत नाही तर, आणि लोब्युलर असून ब्रेस्ट वाचवायचा विचार असेल तर. तुमच्या आईच्या बाबतीत तिन्ही लागू आहेत. नानांच्या भावजयीला बहुधा एकही नसेल, म्हणून त्यांनी केला नाही तेही बरोबरच.

पण दुसरी बाजू पण ऐका. साध्या ग्रंथीसुद्धा चमकतात, वर्षाताईंचं झालं ते नेहमी होतं. अभ्यासांमध्ये शंभरातल्या साधारण सोळा जणींच्या त्याच ब्रेस्टमध्ये आणखी खरा कॅन्सर सापडतो आणि दुसऱ्या बाजूला तीन-चार जणींच्या, पण चमकणारे ठिपके याहून बरेच जास्त असतात. म्हणून जिथे एमआरआय करणार तिथे 'सेकंड लुक' सोनोग्राफी (एमआरआयमधला ठिपका पुन्हा शोधायला करतात ती) आणि गरज पडली तर त्या ठिपक्याची बायोप्सी होईल का हे आधीच विचारा. नुसतं मशीन असून भागत नाही.

आणि मॅमोग्राफी फेकून देऊ नका. कॅल्शियमचे बारीक मिठासारखे दाणे असतात ते एमआरआयला दिसत नाहीत, ते मॅमोग्राफीच दाखवते. सर्जनला टेबलावर दोन्ही लागतात.

पोहेवाला_भाऊ

लश्करकर काका एकदम बरोबर. माझ्या मिसेसची केस वेगळी होती, गाठ मोठी होती म्हणून आधी किमो आणि मग ऑपरेशन. पहिला एमआरआय किमोआधी झाला, साडेपाच सेंटीमीटर. किमो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सोनोग्राफीवाले डॉक्टर म्हणाले क्लिप कुठे टाकलीय? आम्ही म्हटलं कसली क्लिप. तर म्हणे गाठीत धातूची तिळाएवढी खूण ठेवतात, सुईतूनच जाते, कारण किमोनं गाठ विरघळली तर सर्जन कापणार कुठे? कुणीच सांगितलं नव्हतं भिया, त्या माणसानं विचारलं नसतं तर राहूनच गेलं असतं. त्याच दुपारी टाकली. आणि खरंच, किमो संपल्यावर एमआरआयमध्ये काहीच चमकलं नाही, हाताला काही लागेना, ऑपरेशनच्या सकाळी त्या क्लिपपर्यंत सोनोग्राफीवर बघून एक बारीक तार घातली आणि सर्जन त्या तारेच्या मागे गेले. काढलेला तुकडा लगेच मॅमोग्राफीखाली धरला, आत क्लिप दिसली, मग टाके घातले. तो फोटो मिसेसनं अजून मोबाइलमध्ये ठेवलाय, येईल त्याला दाखवते. मी म्हणतो बाई जेवायच्या वेळी नको.

तुमच्या आईला आधी किमो सांगितली तर क्लिपचं नक्की विचारा.

मुक्ता_सुदामानगर

थँक्यू सगळ्यांना, डोकं जरा थाऱ्यावर आलं. दोन प्रश्न. दोन आठवडे उशीर झाला तर पसरेल का? आणि दादाचं पेट स्कॅन?

आणि आत्याला काय सांगू, ती रोज फोन करून रडते, म्हणते अर्धवट काढलं तर परत येईल.

लश्करकर

आठवडा-दोन आठवड्यांनी फरक पडत नाही, गाठ हाताला लागेपर्यंत तिनं आत बराच काळ काढलेला असतो. महिने घालवू नका एवढंच. तरुण बाईला पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात एमआरआयला बोलावतात कारण तेव्हा साध्या ग्रंथी कमी चमकतात, पण कॅन्सर ठरलेलाच असेल तर त्यासाठीही थांबवत नाहीत. तुमच्या आईला तो प्रश्नच नाही.

पेट हा वेगळ्या प्रश्नाचा जबाब आहे. कॅन्सर ब्रेस्टच्या बाहेर, हाडांत, लिव्हरमध्ये गेलाय का, हे बघायला. पुढच्या स्टेजची शंका असेल, काखेत मोठ्या गाठी असतील, हाडं दुखत असतील तर काढतात. ब्रेस्टमध्ये सुरी कुठून कुठपर्यंत फिरवायची ते पेट सांगत नाही, शिवाय लोब्युलर पेटमध्ये पुष्कळदा फिकाच दिसतो. काखेची सोनोग्राफी झालीय का तेवढं बघा, ती जास्त कामाची.

आत्याबाईंना सांगा की यावर अमेरिकेत आणि इटलीत मिलानला दोन मोठे अभ्यास झाले, वीस-वीस वर्षं बायकांचा माग ठेवला, २००२ साली दोन्हींचे निकाल एकदमच छापले. पूर्ण ब्रेस्ट काढलेल्या आणि गाठ काढून शेक (रेडिएशन) दिलेल्या बायका तितक्याच जगल्या. ब्रेस्टमध्ये परत येण्याचं प्रमाण वाचवलेल्यांत थोडं जास्त असतं, म्हणूनच शेक टाळायचा नाही आणि कडा स्वच्छ लागतात. कडेला कॅन्सर टेकलेला निघाला तर पुन्हा टेबलावर. एमआरआयचा खरा उपयोग तिथे: किती रुंद कापायचं ते आधी कळतं. आणि पसारा फारच निघाला तर मग आत्याबाई म्हणतात तेच करावं लागेल, पण ते बघून, भीतीनं नाही.

नाना_तिलकनगर

भावजयीची फाइल मागवली. डक्टल, १.२ सेंटीमीटर, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, हात सगळं एकच माप. मी मागे घेतो. मशीनवाल्या मुद्द्यावर मात्र ठाम आहे, तीन ठिकाणी भाव विचारा, एकाच शहरात एकाच तपासणीचे इतके वेगवेगळे रेट मी भाजी मंडईतही बघितले नाहीत.

वर्षाकाकू

मुक्ता, एमआरआयच्या दिवसाचं सांगते, हे कुणी सांगत नाही. पालथं झोपवतात. टेबलाला दोन खळगे असतात त्यात ब्रेस्ट लोंबते राहतात, तोंड एका गोल उशीत. अर्धा-पाऊण तास हलायचं नाही. आवाज म्हणजे बाजूला घराचं स्लॅब तोडून राहिलेत असा, कानाला लावायला देतात पण येतोच. मध्येच हातातून औषध सोडतात तेव्हा दंडात गार वाटतं, घाबरू नको म्हणावं. मी आतमध्ये अथर्वशीर्ष म्हणत होते, किती आवर्तनं झाली ते मोजलं की वेळ कळतो. आदल्या दिवशी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) मागतील ते करून ठेव. पेसमेकर किंवा अंगात कुठे धातू असेल तर आधी सांगायचं. आणि मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना, जोडवी सगळं घरीच काढून ठेवा. तिथे ऐनवेळी साबण लावून जोडवी ओढत बसलो होतो आम्ही.

आणि एक, पालथं झोपून काढलेला फोटो आणि ऑपरेशनला उताणं झोपवतात, जागा सरकलेली असते. माझ्या दुसऱ्या सर्जननी म्हणूनच ऑपरेशनआधी सोनोग्राफी लावून पेननं खूण करून घेतली होती. विचारून घे.

मुक्ता_सुदामानगर (बारा दिवसांनी)

अपडेट देते, बऱ्याच जणांनी मेसेज केले.

बुधवारचं कॅन्सल केलं. पहिले डॉक्टर जरा तुटकच बोलले पण ठीक आहे. एमआरआय झाला. डावीकडे गाठ ३.४ सेंटीमीटर, म्हणजे हातच बरोबर होता, आणि एक शेपटी काखेच्या दिशेनं गेलेली, ती सोनोग्राफीत अजिबात नव्हती. आणि काकू, तुमच्यासारखाच उजवीकडे सहा मिलिमीटरचा ठिपका! रिपोर्ट हातात आला तेव्हा माझे पाय लटपटले, पण तुमचं वाचलेलं होतं म्हणून पहिलं वाक्य तोंडातून हेच निघालं, याची बायोप्सी कधी? दोन दिवसांनी सेकंड लुक सोनोग्राफीत सापडला, सुई घातली, काल रिपोर्ट आला: अ‍ॅडिनोसिस, कॅन्सर नाही. मधले पाच दिवस घरात टीव्हीसुद्धा लागला नाही.

दुसऱ्या सर्जननी मागच्या वेळी प्रिस्क्रिप्शनच्या मागे ब्रेस्टचं चित्र काढून त्यात गोल काढला होता. तोच कागद मी नेला होता. काल त्यांनी त्याच गोलाला काखेकडे खेचून लांबट केलं, जांभळाएवढ्याचं वांग्याएवढं झालं, आणि म्हणाले ब्रेस्ट अजून वाचवता येईल पण खड्डा मोठा पडेल, तर बाजूचाच भाग फिरवून भरू. आधीच्या मापानं कापलं असतं तर ही शेपटी आत राहिली असती असं म्हणाले. काखेतली सोनोग्राफी साफ आहे, तरी काखेतल्या लसीकाग्रंथींपैकी पहिल्या एक-दोन काढून तपासणार. कुठे कडा स्वच्छ नाही निघाली तर पुन्हा जावं लागेल किंवा पूर्ण काढावा लागेल हेही समोर बसवून सांगितलं, आणि मुख्य म्हणजे मला नाही, आईला सांगितलं. आईनं पहिल्यांदा स्वतः प्रश्न विचारला. म्हणे उजव्या हातानं पोळ्या लाटता येतील ना? ते म्हणाले, डावा हातही पंधरा दिवसांत वर न्यायचाच आहे, व्यायाम न करता सुटका नाही.

आत्याला अभ्यासांचं सांगितलं, ती म्हणाली मिलानच्या बायका वेगळ्या. पण काल बायोप्सी चांगली आली म्हटल्यावर खजराण्याच्या गणपतीला मोदक चढवून आली.

ऑपरेशन येत्या सोमवारी.

नाना_तिलकनगर

रेट किती लागला?

मुक्ता_सुदामानगर

नाना, तीन ठिकाणी विचारला, मधल्याकडे केला. सगळ्यात स्वस्त होतं तिथे पालथं झोपवायचं ते ब्रेस्टचं वेगळं साधनच नव्हतं, पाठीचा करतात तसाच करू म्हणाले. लश्करकर काकांना मेसेजवर विचारलं, त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं: पळा.

वर्षाकाकू

सोमवारी मी येऊन बसते गं तुझ्याजवळ बाहेर, हॉस्पिटल कुठलं ते मेसेज कर. डबा आणते. आईची जोडवी निघाली का नीट?

मुक्ता_सुदामानगर

निघाली, खोबरेल तेल लावून. एमआरआयहून आल्यावर मी घालायला घेतली तर नको म्हणाली, सोमवारी परत काढायचीच आहेत. देवघरात हळदीकुंकवाच्या कोयरीत ठेवलीयेत.